साडेआठची नोंद चुकू देऊ नका

चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली, असे महाराष्ट्रात धरले जाते. ६३ झाला तर धरले जात नाही. सोयाबीन दोन्हीकडे सारखेच पाण्यात उभे असते, बांध दोन्हीकडचे सारखेच फुटलेले असतात; पण मदतीचा कागद पुढे सरकतो तो त्या आकड्यावरून. २०२५ मध्ये पीकविम्याचे नियम बदलेपर्यंत, पावसात २१ दिवसांचा खंड पडला की विम्याच्या आगाऊ रकमेची चर्चा सुरू होत असे. तो खंड खरोखर २१ दिवसांचा होता की मध्ये एखादी सर येऊन गेली, हे सांगणारा साक्षीदारही तोच, मंडळात कुठेतरी उभा असलेला पर्जन्यमापक.

तुमच्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठे उभा आहे, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? बहुतेकांनी पाहिलेले नसते. पावसाबद्दल आपण रोज बोलतो. हवामान खात्याच्या अंदाजाची थट्टा करणे हा तर आपला जुना पावसाळी छंद. पण ज्या मोजणीवर तो अंदाज, ती भरपाई, धरणाच्या दरवाजांचा निर्णय आणि उद्याच्या पुलाची उंची अवलंबून असते, ती मोजणी कोण करते, कशी करते, आणि परवा केली होती का, याची चौकशी कोणी करत नाही. ती चौकशी तुम्ही सुरू करावी, एवढ्यासाठी हा लेख.

मोजणी मुळात साधी आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता मापकात साठलेले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि आकडा वहीत लिहायचा. आजच्या तारखेला लिहिलेला पाऊस म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा. देशभर एकच वेळ, ठरलेल्या मापाचे भांडे, जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर त्याची कड. सगळी किंमत या एकसारखेपणात आहे. दापोलीच्या आकड्याची परभणीच्या आकड्याशी आणि यंदाच्या आकड्याची पणजोबांच्या काळातल्या आकड्याशी तुलना होऊ शकते, ती त्यामुळेच. रविवारी सुट्टी म्हणून मोजले नाही आणि दोन दिवसांचे पाणी सोमवारी एकदम मोजून लिहिले, की वहीत एक दिवस कोरडा आणि एक दिवस अतिवृष्टीचा दिसतो. महिन्याची बेरीज बरोबर येते, म्हणून चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक त्या वहीतून मोठ्या पावसाचे दिवस मोजायला बसला, की त्याच्या यादीत कधीच न पडलेली एक अतिवृष्टी जाऊन बसते.

याहून वाईट चूक शून्याची. पाऊस पडला नाही आणि नोंद घेतली नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण रिकाम्या रकान्यात नंतर कोणीतरी सवयीने शून्य भरतो, आणि यंत्र बंद असलेला आठवडा कायमचा कोरडा आठवडा होऊन बसतो. मला विचाराल तर बंद पडलेल्या यंत्रापेक्षा बंद पडूनही शून्य पाठवत राहिलेले यंत्र जास्त धोक्याचे. बंद यंत्राबद्दल निदान तक्रार तरी होते.

आपल्याकडे ही शिस्त दुष्काळांनी आणि वादळांनी आणली. १८६४ मध्ये कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आदळले. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. मग १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, आणि त्याची घडी बसते न बसते तोच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनने भोगला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणिती. मान्सून आधी ओळखता येईल का, या प्रश्नामागे ते लागले आणि जगभरच्या केंद्रांवरचे हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून त्यांना दिसले की पॅसिफिक महासागराच्या बाजूला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि उलटही होते. आज एल निनोची बातमी आली की आपला शेतकरी कान टवकारतो, त्या ज्ञानाचा एक धागा या आकडेमोडीतून निघाला. वॉकर यांनी स्वतः एकही थेंब मोजला नव्हता. थेंब मोजले होते ते ठिकठिकाणच्या कारकुनांनी, शाळामास्तरांनी, बंदरावरच्या नोकरांनी. त्यांची नावे कुठे नाहीत.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १८७१ पासूनची देशाच्या मान्सूनची एक मालिका तयार झाली. ती ३०६ पर्जन्यमापक केंद्रांवर उभी आहे. एवढ्या मोठ्या देशाचे मान्सूनचे दीड शतकाचे चरित्र तीनशे भांड्यांनी लिहिले. याच संस्थेतल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या नोंदी तपासल्या. देशातल्या १८०३ केंद्रांच्या आकड्यांमधून त्या आल्या होत्या. निष्कर्ष असा निघाला की मोसमाच्या एकूण पावसात फारसा फरक पडलेला नाही, पण अतिमुसळधार दिवस वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत. हे वाक्य पुन्हा वाचा. सरासरी तीच आणि पाऊस मात्र बदललेला. शेतकरी म्हणत होताच की हल्ली पाऊस पूर्वीसारखा मुरत नाही, एकदम येतो आणि निघून जातो. त्याचे म्हणणे सिद्ध झाले ते रोजच्या वह्यांमुळे. फक्त महिन्याच्या बेरजा जपून ठेवल्या असत्या, तर काहीच बदललेले नाही असाच निकाल लागला असता.

आता प्रश्न येतो की डोक्यावर उपग्रह फिरत असताना हे पत्र्याचे आणि फायबरचे डबे हवेत कशाला. प्रश्न रास्त आहे, आणि सरकारी बैठकांत खर्च कापताना तो हमखास विचारला जातो. उपग्रह वरून पाहतो. त्याला ढगाचा माथा दिसतो, ढगातले पाणी आणि हिम यांच्या खुणा दिसतात, आणि त्यावरून खाली किती पडले असेल याचा हिशेब मांडला जातो. सह्याद्रीवर हा हिशेब बऱ्याचदा तोकडा पडतो, कारण घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा बराचसा पाऊस फार उंच न वाढलेल्या ढगांतून येतो. वरून पाहणाऱ्याला तो ढग किरकोळ वाटतो. रडारची अडचण आणखी वेगळी. त्याचा किरण सरळ जातो आणि डोंगर आडवा आला की पलीकडच्या दरीत खाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. उपग्रह आणि रडार दोन्ही हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांचे काटे बरोबर लागले आहेत का, हे तपासायला जमिनीवरचे भांडेच लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नव्या अंदाजपद्धतींचेही तेच. गेल्या काही दशकांच्या जागतिक हवामानाचा जो संगतवार इतिहास शास्त्रज्ञांनी बांधून ठेवला आहे, त्यावर त्या पोसल्या आहेत, आणि तो इतिहास बांधला आहे फुग्यांनी, जहाजांनी, विमानांनी, उपग्रहांनी आणि जमिनीवरच्या वेधशाळांनी दिलेल्या नोंदींवर. मुंबई, नागपूर, पणजी इथून हायड्रोजनचे फुगे आकाशात सोडले जातात. जगभर ठरलेल्या वेळी, म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, असे शेकडो फुगे वर जात असतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या हवामान सेवेने माणसे कमी झाली म्हणून काही ठिकाणचे फुगे कमी केले, काही ठिकाणचे थांबवले. त्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी जो आरडाओरडा केला तो उगाच नव्हता. आपल्याकडे २०२५ मध्येच सहा किलोमीटरच्या चौकटीवर अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, त्याआधी २०२४ मध्ये मिशन मौसमला २००० कोटी रुपये मंजूर झाले. आनंदाची गोष्ट आहे. फक्त त्या सहा किलोमीटरच्या चौकटीत आज नेमके काय चालू आहे, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. आपल्या महसूल मंडळांचे क्षेत्र अशा काही चौकटींएवढे असते, आणि मंडळाला मापक एक.

सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात कृष्णाकाठी सकाळचा पहिला प्रश्न असतो, सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर? ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि ते फूट मोजत मोजत माणसांनी संसार माडीवर चढवले. पण पुलापाशी पाणी दिसू लागते तोवर बराच वेळ हातचा गेलेला असतो. त्याआधीची बातमी वरून येते. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावे आणि त्यांच्यापुढचे मिलिमीटर पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येतात आणि कऱ्हाडपासून खाली सगळीकडे वाचले जातात. कोयना धरणावरचा अभियंताही तेच पाहून ठरवतो की दरवाजे आज किती उचलायचे. १०५ टीएमसीचे धरण आधी मोकळे केले आणि पुढे पाऊस आटला तर उन्हाळ्यात वीज आणि पाणी दोन्हींची ओरड. उशीर केला तर खाली पूर. या कात्रीत त्याच्या हाती भरवशाचे काय असते? पाणलोटातले मापक, आणि रात्री दोन वाजताही तो आकडा कळवणारी यंत्रणा.

महाबळेश्वराला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. घाट उतरून वाईला या, तो हजाराच्या आत. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. या उतारावर मापक कुठे बसवता त्यावर ठरते की तुमच्या मते त्या तालुक्यात पूर आला की दुष्काळ पडला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदले गेले. त्याच दिवसांत चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गेले होते, इर्शाळवाडी २०२३ मध्ये गेली. दरड कुठल्या पावसाला सुटते हे शिकायचे असेल, तर त्या डोंगरावर, त्या वाडीपाशी तासातासाला किती पडला हे ठाऊक हवे. आपले मापक बहुधा कचेरीजवळ, रस्त्याला लागून, सपाटीवर असतात. पाऊस आणि दरडी वर असतात. घाटमाथ्यावरच्या वाड्यांसाठी मापकांची नवी ओळ मागणे ही चैन नाही, आणि त्याला लागणारा पैसा एखाद्या नव्या चौपदरी रस्त्याच्या खर्चापुढे किरकोळच असेल.

मुंबई हे फार मोठी किंमत मोजून शिकली. २६ जुलै २००५ च्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७४. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात हा फरक. फक्त कुलाब्याची वेधशाळा असती तर त्या दिवसाची शासकीय नोंद ‘मुसळधार’ एवढीच राहिली असती. नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित मापक बसवले, दर पंधरा मिनिटांनी आकडा देणारे. पुण्यात, नाशकात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात तितके दाट जाळे कुठे आहे?

याच कुलाब्याची एक गोष्ट मला प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावीशी वाटते. कुलाबा वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीने काढलेली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट होऊन आजवरचे सर्वांत गाजलेले चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले. युरोपातल्या नामांकित वेधशाळांची यंत्रे मापाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होती, आणि वादळ असल्यामुळे नेहमीच्या तासाऐवजी काही मिनिटांच्या अंतराने लिहीत होती. १६०० नॅनोटेस्लाच्या आसपासची ती घसरण जगात तेवढ्या स्पष्टपणे फक्त तिथेच कागदावर उतरली. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा काढले आणि असे वादळ आज आले तर वीजजाळी आणि उपग्रह यांचे काय होईल, या प्रश्नाला त्या आकड्यांचा आधार मिळाला. १८५९ मध्ये वीजजाळी नव्हती, उपग्रह नव्हते. लिहिणाऱ्याला आपण कशासाठी लिहितो आहोत हे कळण्याची काही सोय नव्हती.

हवामानाशी या चुंबकत्वाचा थेट संबंध नाही, हे मान्य. पण पुढचा भाग हवामानवाल्यांनी मुद्दाम ऐकावा. १९०० च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरू लागले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्यातल्या नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी सरकारला ते पटवले, अलिबागची जागा शोधली, आणि चुंबकत्वाचा अंश नसलेल्या दगडांची, लोखंड टाळून बांधलेली इमारत तिथे उभी राहिली. मग त्यांनी जे केले ते आजच्या कुठल्याही निविदेत सापडणार नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. कुलाब्याच्या आकड्याला अलिबागच्या आकड्याशी कसे जोडायचे हे कळावे, म्हणून. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. म्हणून आज अलिबागला भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे जी मालिका आहे, तिचे दुसरे टोक १८४१ मध्ये आहे. जागा बदलली तरी साखळी तुटली नाही.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. तहसील कचेरी नव्या प्रशासकीय इमारतीत जाते, जुना मापक तिथेच गंजत राहतो किंवा नव्या इमारतीच्या गच्चीवर चढतो. हाताने मोजायचे बंद होऊन स्वयंचलित यंत्र येते, आणि ज्या दिवशी नवे सुरू होते त्याच दिवशी जुने थांबते. नव्या यंत्रात एक छोटी तोलवाटी असते; ठरावीक पाणी जमले की ती कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते. फार जोराच्या पावसात ती वाटी मागे पडते आणि आकडा कमी येतो. नळीत कडुनिंबाचा पाला किंवा कोळ्याचे जाळे अडकले तर आकडा येतच नाही. हे दोष दुरुस्त करता येतात, पण जुन्या भांड्याशेजारी नवे दोन पावसाळे चालवले असेल तरच. तसे केले नाही की पुढच्या पिढीला कळणार नाही की तालुक्याचा पाऊस बदलला की फक्त यंत्र बदलले.

या स्वयंचलित जाळ्याला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही. दर महसूल मंडळाला एक याप्रमाणे दोन हजारांवर केंद्रे महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून उभी राहिली, ही देशात फार थोड्या राज्यांना जमलेली गोष्ट आहे. २०२३ पासून केंद्र सरकारची विंड्स योजना हे जाळे ग्रामपंचायतीपर्यंत नेऊ पाहते आहे. डाळिंब, आंबा, केळी, संत्रा यांचा हवामानावर आधारित विमा याच आकड्यांवर चालतो. पण जिथे आकड्याला पैसे चिकटतात तिथे आकड्याला हात लावण्याचा मोहही येतो, दोन्ही बाजूंना. तो मोह टाळायचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे आकडा सगळ्यांना, रोज, फुकट आणि इतिहासासकट दिसणे. आज आपल्या मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी सामान्य शेतकऱ्याला एका बैठकीत मिळतील का, हे करून पाहा. त्या मिळाल्या पाहिजेत. केंद्र कुठे आहे, कधी हलवले, यंत्र कधी बदलले, कधी बंद होते, हेही त्याच पानावर हवे. सार्वजनिक पैशाने मोजलेला पाऊस कोणत्याही करारात बंदिस्त होऊ नये, ही पहिली मागणी घेऊन आमदारांकडे जा.

दुसरी मागणी अलिबागची. कुठलेही केंद्र हलवताना किंवा यंत्र बदलताना दोन पावसाळे दोन्ही नोंदी घेणे बंधनकारक करा.

तिसरी माणसांची. मंडळातल्या यंत्राला गारा ओळखता येत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपिटीने रब्बी झोपवला, तेव्हा गारा किती मोठ्या, किती वेळ, कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, हे सांगायला माणसांचे डोळेच होते. दहिवर, धुके, वीज, जमिनीवरचे दव गोठणे, यांचेही तसेच. वेधशाळेतला निरीक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही की ही सगळी निरीक्षणे एकदम संपतात. निरीक्षकाच्या पुढचा दुवाही महत्त्वाचा. कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०१८ पासून सुरू झाली होती. आकडा आणि अंदाज घेऊन, उद्या फवारणी करा की थांबा, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारी माणसे तिथे होती. देशभरातली अशी सुमारे २०० केंद्रे २०२४ मध्ये बंद केली गेली. संगणक ते काम करील असे कारण सांगितले गेले. ज्याने हे ठरवले त्याने द्राक्षबागेत एक तरी रात्र डाऊनी रोगाच्या भीतीने जागून काढली असती, तर निर्णय वेगळा झाला असता असे मला वाटते. ही केंद्रे आपापल्या जिल्ह्यात परत मागा.

पैसे नाहीत म्हणून थोडा वेळ थांबू, मग पुन्हा सुरू करू, हे उत्तर मिळेल. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तापणाऱ्या पृथ्वीचा तो सर्वांत प्रसिद्ध आलेख. १९६४ मध्ये निधी आटला आणि त्या वसंतातल्या काही आठवड्यांच्या नोंदी राहून गेल्या. आलेखात ती फट आजही दिसते. नंतर कितीही पैसे ओतले तरी १९६४ चा तो वसंत परत मोजता आलेला नाही. पॅसिफिकमधल्या एल निनोवर नजर ठेवणाऱ्या तरंगत्या बोयांची देखभाल करणारे जहाज २०१२ मध्ये अमेरिकेने काढून घेतले, आणि २०१४ च्या सुरुवातीला त्या जाळ्यातून निम्म्याहून कमी माहिती येत होती. आपला मान्सून त्याच माहितीकडे डोळे लावून असतो.

बोयांचा विषय निघाला म्हणून कोकणातल्या आणि गोव्यातल्या मच्छीमार बांधवांशी दोन शब्द. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे बोये नांगरलेले आहेत. त्यांच्याखाली मासा जमतो, म्हणून तिथे जाळी पडतात, होड्या बांधल्या जातात, कधी तारा तुटतात, कधी सुटे भाग जातात. तौक्तेसारखे वादळ वर सरकत असताना वारा आणि लाट किती, हे बंदरावर कळवणारा समुद्रातला माणूस तोच आहे. आपल्या मच्छीमार सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बोयाला होडी बांधायची नाही, एवढा ठराव पुरे.

गावांनी काय करावे? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कधीचे करून दाखवले आहे. ते आपला पाऊस स्वतः मोजतात, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे गावात बसून ठरवतात. साधा मापक ही काही खर्चाची गोष्ट नाही. शाळेच्या पटांगणात तो बसवता येतो. जागा मात्र मोकळी हवी. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, तिच्या किमान दुप्पट अंतरावर मापक. झाड दहा मीटरचे असेल तर वीस मीटर दूर. सातवी-आठवीची मुले साडेआठला मोजतील, फळ्यावर लिहितील, वहीत लिहितील, आणि सुट्टीत कोण मोजणार याची पाळी ठरवतील. सुट्टीची पाळी सगळ्यांत महत्त्वाची. सगळ्या चांगल्या मालिका दिवाळीच्या सुट्टीत तुटतात. शासकीय मंडळाच्या आकड्याशेजारी गावाचा आकडा रोज लिहा. दोन्हींत नेहमीच मोठा फरक येत असेल, तर पावसाळा संपल्यावर वही घेऊन तहसीलदारांकडे जा. दोन वर्षांची तारीखवार वही समोर ठेवली की साहेबांनाही बोलणे बदलावे लागते.

शासकीय मापक पाहायलाही जा, आणि मे महिन्यातच जा. कुंपण आहे का, भोवती झाडोरा वाढला आहे का, भांड्यात पाला आहे का, सौरपट्टीवर धूळ आहे का, गांधीलमाश्यांनी घर केले आहे का. शेजारी नवे मंगल कार्यालय किंवा पाण्याची टाकी उभी राहते आहे का. फोटो काढा, तारीख घाला, मंडळ अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत वाचून दाखवा. स्थानिक पत्रकारांनाही विनंती आहे की ‘तालुक्यात विक्रमी पाऊस’ छापण्याआधी एकदा यंत्रापाशी जाऊन या.

शेवटची विनंती ज्यांच्याकडे कपाटांच्या किल्ल्या आहेत त्यांना. महाराष्ट्रात पावसाची वही फक्त हवामान खात्याने लिहिलेली नाही. साखर कारखान्यांनी लिहिली, पाटबंधाऱ्याच्या चौक्यांनी लिहिली, वन खात्याच्या बंगल्यांनी, रेल्वेने, शेती शाळांनी, एखाद्या चिवट बागायतदाराने तीस-चाळीस वर्षे डायरीच्या कोपऱ्यात लिहिली. या वह्या आज तळघरात ओल खात आहेत, आणि कार्यालयाचे स्थलांतर निघाले की त्या सगळ्यांत आधी रद्दीच्या ढिगात जातात. त्या काढा. धूळ झटका, पाने उलटी-सुलटी करू नका, शिवण उसवू नका. दिवसाच्या उजेडात मोबाईलने प्रत्येक पानाचा सरळ फोटो घ्या, कोरे पानही सोडू नका, कारण कोरे का राहिले हेही कोणाला तरी कळायला हवे. पहिल्या फोटोत गाव, ठिकाण, मापक नेमका कुठे होता आणि कोण लिहीत असे, हे एका कागदावर लिहून ठेवा. तो लिहिणारा हयात असेल तर त्याला आधी गाठा, कारण मापक कुठल्या वर्षी हलवला आणि का, हे वहीत नसते, त्याला आठवत असते. मग एक प्रत पुण्यात शिवाजीनगरच्या हवामान खात्याला द्या, एक जवळच्या कृषी विद्यापीठाला, राहुरी, दापोली, अकोला किंवा परभणी, आणि एक जिल्हा ग्रंथालयात. मूळ वही परत कपाटात ठेवताना खाली विटा घाला, आणि कपाटावर ‘रद्दी नाही’ अशी चिठ्ठी डकवा.